भुरीला पळायला शिकवलं

मु. रिसोड, माघ शुद्ध दशमी, शके १८५८

राजमान्य राजेश्री दौलतराव दाजी यांसी धाकटा मेव्हणा उकंडराव याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या साष्टांगातली चारच अंगं जमिनीला लागतात, उरलेली भेटीत.) इकडे सर्व खुशाल. तुमचा दमा, गोजराताईचे गुडघे आणि तांबडी म्हैस या तिघांचीही तब्येत कळवावी. आमची वांगी यंदा छान आली आहेत, म्हणजे खाऊन उरली तेवढी.

पत्र लिहिण्याचं कारण असं की मी एक लढाई जिंकलो आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मागच्या सालच्या दिवाळीला तुमच्याकडून परतताना तुमच्या शेताखालच्या नाल्यात मला रोह्याचं चार दिवसांचं पिल्लू सापडलं होतं. (आई कशाने गेली हे मी विचारलं नाही. त्या दिवशी तुमच्या ओसरीवर बंदुकीला तेलपाणी चाललं होतं, तेही मी पाहिलं नाही.) रोही म्हणजे नावाची नीलगाय, पण आम्हा माळ्यांचा सात जन्मांचा वैरी, एका रात्रीत मेथीचं वावर साफ करणारा. पण ते पोर माझं धोतर चोखायला लागलं, आणि मी त्याला उचलून छकड्यात घातलं. घरी कारभारणीने, हौसाने, आधी मला धारेवर धरलं आणि मग लगेच शेळीचं दूध काढायला बसली. मादी होती, तिचं नाव भुरी ठेवलं. शेजारचे गुलाबराव कुंपणावरून म्हणाले, "काहून रे उकंड, चोराले घरातच खाऊ घालून राह्यला?" त्यांचं म्हणणं खरंच होतं.

आता माझी चूक सांगतो. रोज पहाटे मी मचाणावर चढून राकेलचा डबा बडवतो, पोपट आणि रोही पळावेत म्हणून. डबा बडवून खाली उतरलो की भुरीला दूध, आणि पुढे दूध सुटल्यावर भाकरी. वर्षभर हाच नेम. त्यामुळे झालं असं की साऱ्या वऱ्हाडातले रोही डबा ऐकून पळतात आणि आमची डबा ऐकून येते. गुलाबरावांनी आपल्या मळ्यात डबा वाजवला की ही कुंपण ओलांडून त्यांच्या मचाणाखाली तोंड वर करून उभी. ते शिव्या देत खाली उतरत आणि ही त्यांचे पाय चाटत असे. आम्ही पोट धरून हसलो. मग एक दिवस हौसा हसायची थांबली आणि म्हणाली, "हे रानात गेली आन् कोनं डबा वाजवला, तं हे त्याच्या बंदुकीपुढंच जाऊन उभी राहीन." दाजी, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरात ठेवावी तर मळा जातो, रानात सोडावी तर ती जाते.

तेव्हा ठरलं की हिला डब्याला भ्यायला शिकवायचं. आधी आवडाबाईंना बोलावलं. (वानरं हाकलायला त्यांना कामरगावापर्यंत बोलावणं असतं, त्यांच्या तोंडापुढे झाडावरचं फळसुद्धा पिकायचं थांबतं.) मी डबा वाजवायचा आणि भुरी आली की त्यांनी बोलायचं. दोन दिवस त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी "मायबिगर पोर हाय वो हे" म्हणून त्यांनीच पदरातून भाकरी काढली. शेवटी डबे-कंदील करणारा आपला इब्राहीम म्हणाला, "उकंडभाऊ, कानाले सांगून काय फायदा? नाकाले समजवा." म्हणजे डबा वाजला की भाकरी नाही, लाल मिरच्यांची धुरी. सात दिवस आम्ही धुरी केली. पहिल्या दिवशी वारा फिरला आणि पिकाची पाहणी करायला आलेले पटवारी शिंकता शिंकता आमच्या विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात बसले. गुलाबराव मचाणावर शिंकत होते, हौसा स्वयंपाकघरात रडत होती. (ती मिरचीने नव्हे, हे मला ठाऊक होतं.) भुरी माझ्याकडे बघायची, की हा असा का वागतो. आठव्या दिवशी मी डब्याला नुसतं बोट लावलं आणि ती कान पाडून पळाली. मी आनंदाने ओरडलो आणि मग बांधावर बसून राहिलो.

परवा तिला छकड्यामागून चालवत मालेगावला मुक्काम करून मेडशीच्या टेकड्यांत नेली. तुमच्या दारावरून गेलो आणि आत आलो नाही, त्याची माफी करा. तुमच्या दारामागे काय टांगलेलं असतं हे भुरीला दाखवायचं नव्हतं. उतारावर सात-आठ रोही चरत होते. ही त्यांच्याकडे बघे आणि पुन्हा येऊन माझा खांदा हुंगे. मी डबा उचलला. मग डोळे मिटून असा काही बडवला की सारा कळप उधळला, आणि डोळे उघडले तेव्हा भुरी त्या कळपात होती, त्यांच्याच दिशेने, त्यांच्याइतक्याच जोरात पळत. दाजी, उभ्या जन्मात मळ्यातून हजार रोही हाकलले असतील, पण एकही पळताना मला इतका सुंदर दिसला नाही. येताना रस्ताभर मी गात होतो. बैलांनाही ते आवडलं असावं. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला विजयी मेव्हणा,
उकंडराव

ता. क. हे पत्र घेऊन इब्राहीम मेडशीच्या बाजाराला येत आहे. सोबत एक चेपलेला, गंजका राकेलचा डबा देईल, तो ठेवून घ्यावा. तुमचा हरभरा घाट्यांवर आला असेल आणि ती टेकडी तुमच्या बांधालाच लागून आहे. मचाणावर बसाल तेव्हा आधी हा डबा वाजवा, बंदुकीचं मग पाहा.

ता. क. दुसरा. विजयाच्या भरात एक गोष्ट वर लिहायची राहिली. धुरीनंतर नवव्या दिवशी इब्राहीमने दुकानात नवा डबा ठोकला, तशी भुरी भर बाजारातून त्याच्या दुकानात भाकरी मागायला हजर. ती भिते ती फक्त या एका डब्याला. म्हणून घरचा डबा वाजवू नका, हाच वाजवा. तो ऐकून जी सर्वांत आधी पळेल ती आमची. आणि जी पळणार नाही, उभी राहून तुमच्याकडे बघेल, तीही आमचीच असू शकते. तिलाही मारू नका.