बाबाच्या नावाचं माझं रक्त

बाबा, काल तुझी फाईल उघडली. पालघरच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून विचारलं होतं, घरात कुणाला लिव्हरचा त्रास होता का, म्हणून चिंचणीला गेलो. आई मच्छी सुकत घालता घालता म्हणाली, "तुज्या बाबाचं लिवर शेवटपरेंत चांगलं होतं. सगले कागद हायत, बग." पोटात पाणी होऊन गेलास तू, आणि ती बिचारी अजून काविळीवर पाला देणाऱ्या माणसाला शिव्या घालते. त्या कागदांवर नाव तुझं आणि रक्त माझं, हे तिला काय ठाऊक!

बोईसरच्या कारखान्यात केमिकलच्या टाक्यांवर तुझं काम, म्हणून कंत्राटदार दरवर्षी लिव्हरची तपासणी मागायचा. तुझी दारू तर रोजची. "नाव माजं सांग, रगत तुजं दे, आनि गप घरी ये," म्हणत तू माझ्या हातात चिठ्ठी कोंबतोस आणि एकोणीस वर्षांचा मी लॅबच्या गर्दीत बाही वर करून बसतो. चिठ्ठीवरच्या वयाकडे कुणी बघतही नाही. तिसऱ्या वर्षी मात्र आठ दिवसांत पुन्हा तपासणी निघाली आणि तू थोरल्या भावाला होडीवरून उतरवून धाडलंस. मला म्हणालास, "तुजी परीक्षा हाय, तू रा घरी." तू माझ्यासाठी केलेली तेवढी एकच गोष्ट मी आजवर जपून ठेवली होती. बायकोलाही कौतुकाने सांगितली. आता लाज वाटते.

फाईलमध्ये त्या तिसऱ्या वर्षाचे दोन कागद एकामागे एक लावलेत. पहिल्यावर एसजीपीटी एकशे बारा, आठ दिवसांनंतरच्यावर चोवीस. चाळिसाच्या वर एवढं गेलं की लिव्हरला आत इजा होतेय असं समजायचं, हे मला आत्ता कळलं. तुला तेव्हाच कळलं होतं, कारण एकशे बाराभोवती गोल करून लॅबवाल्याने लिहिलंय, 'डॉक्टरांना लगेच दाखवा.' तू दाखवलं नाहीस, मला सांगितलंही नाहीस. फक्त रक्त बदललंस. मी दारूला कधी शिवलो नाही, आणि आज बावीस वर्षांनी डॉक्टर म्हणतात, हेपेटायटिस बी आहे, जुना दिसतो, लिव्हर कडक व्हायला लागलंय, आधी आला असतात तर बरं झालं असतं. तुला नोकरी टिकवायची होती, कळतं मला. पण एक वाक्य बोलायला तुझं काय जात होतं रे? कसला बाप तू!

हे धाडायला तुझा पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. आज सकाळी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, कागद पिशवीत घेऊन. त्यांनी विचारलं, "कधीपासून असेल हे, काही अंदाज? औषध ठरवायला उपयोग होईल." तुझी सगळी लबाडी सांगायची असं ठरवूनच गेलो होतो. तोंडही उघडलं. मग म्हणालो, माहीत नाही.