कॅथरिनची आई

बदलापूर, ९ मार्च १९८८

चि. मीनल हिस,
रागात असले तरी आशीर्वाद.

अंबरनाथची मंडळी तुला बघायला यायची होती, त्याच सकाळी तू वेणी कापलीस. पंधरा दिवस झाले, आपण बोलत नाही.

आज तू बाजारात गेल्यावर मी तुझी ट्रंक उघडली. कुणा मुलाची पत्रं असणार, अशी माझी खात्री होती. निघालं शाळेतल्या सिस्टरने दिलेलं पुस्तक. सहाशे वर्षांपूर्वीची इटलीतली संत कॅथरिन. बाप कापड रंगवणारा, आपल्या उल्हासनगरात असतात तसा. तिनेही लग्न नको म्हणून केस कापले. आई भडकली, मोलकरीण काढली आणि सगळं काम तिच्या गळ्यात टाकलं.

अगं, मीही तेच केलं की! तुळशीला कामावरून बंद केलं, भांडी तुझ्यापुढे आपटली. तर तू घासताना गुणगुणायचीस. मला वाटायचं, मुद्दाम चिडवतेस.

पुढचं पान मी तीनदा वाचलं. ती वडिलांना येशू समजून वाढायची आणि त्या खाष्ट आईला येशूची आई समजून. कसं जमलं असेल गं? मला सासूला सासू समजून वाढणंही जड जायचं.

तुळशी उद्यापासून परत येईल. लग्नाचं मला अजून पटलेलं नाही, ते भांडण राहू दे.

हे पत्र तुला देणार नाही, ट्रंक उघडल्याचं कळेल. पण रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवून तू क्षणभर माझ्याकडे बघतेस. तेव्हा तुला कोण दिसतं?

तुझी,
नुसतीच आई