आधी डोळे, मग तोंड

सोमवार, ३ नोव्हेंबर
पुस्तक आलं — इंग्रजी वाचनाचं, १८०, टपाल ४०. वातींचा कापूस २०. तूप घरचंच.
पुस्तक विनितासाठी. शैलेश जाऊन तीन वर्षं झाली, तरी ही सून माहेरी गेली नाही, माझ्यापाशी राहिली. दापोड्याच्या गोदामात ऑफिसात आहे. शुक्रवारी साहेबांसमोर इंग्रजी कागद मोठ्याने वाचायचा. जमलं तर कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. महाराज, लाज राखा!

मंगळवार, ४
काय भाषा ही! अक्षरं तीच — वारा असला की विंड, बॉबिनवर दोरा गुंडाळायचा असला की वाइंड. डोळ्यातलं पाणी टिअर, फाटलेला खोका टेअर! मागच्या मीटिंगला विनिता खोक्यांना टिअर म्हणाली. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, बॉक्स रो रहे हैं क्या?" सगळे हसले. त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही, ते का, आज कळलं.

बुधवार, ५ — त्रिपुरी पौर्णिमा
दिवे लावले. वडप्याहून नणंद आली. पुस्तक बघून म्हणते, "हिला मडम करतेस? परकी पोर ती, आज हाय, उद्या न्हाय." म्हटलं, "आक्का, लाडू घ्या."

गुरुवार, ६
पोथी वाचत होते. विनिता मध्येच म्हणाली, "आई, तुम्ही कुठेच कशा अडखळत नाही?"
कधी विचारच केला नव्हता! सासूबाईंनी शिकवलेलं — तोंड एका ओळीवर, डोळे पुढच्या. म्हटलं, तुझंही पुस्तक पाटावर ठेव. अख्खी ओळ बघून घे, मग तोंड उघड. पुढे खोका दिसला की टेअरच, फाटलेलंच असणार!
वीस ओळी वाचल्या. दोनदाच चुकली. मी इंग्रजीत काठावर पास — पण ओळ सरळ गेली की कानाला कळतं.

शुक्रवार, ७
सकाळी पाया पडली. "आई, तिथे पाट नसणार हं!" दोघी हसलो.
दुपारी फोन — "जमलं! साहेब म्हणाले, किधर सीखा?"
"काय सांगितलंस?"
"घरी."
देवापुढे साखर ठेवली. किती दिलंस रे बाबा!

शनिवार, ८
कायम केलंय. पण नाशिकच्या ऑफिसात. काल हे सांगितलंच नाही. "नाही जात मी, आई. तुम्ही एकट्या." मी मेथी निवडत राहिले.

सोमवार, १०
नाशिकला नोकरदार बायकांच्या वसतिगृहात फोन कोणी उचलत नाही. पत्र टाकलं. ही नक्कल —
"व्यवस्थापिकाबाईंस नमस्कार. माझी मुलगी विनिता हिला एक डिसेंबरपासून जागा हवी. खिडकीजवळची असल्यास बरे, मोठ्याने वाचायची सवय आहे. ती नाही म्हणते, पण येईल. जागा आहे की नाही, उलट टपाली कळवावे."