प्रज्ञाच्या डब्यातलं तेल

४ डिसेंबर, गुरुवार

प्रज्ञा आली. सातवा महिना लागलाय, पुण्याहून येताना गाडीत पाय सुजलेले. जावईबापूंनी सोडलं, चहा घेतला, रजा नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत. आता बाळंतपण होईपर्यंत लेक इथेच, जठारपेठेत, आमच्या ताब्यात. फार बरं वाटतंय. घरात मोठ्याने बोलणारं कुणीतरी आलं.

सामानात एक भलामोठा डबा. लाकडी घाण्याचं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल. कुसुम म्हणाली, "काहून वं, अकोल्यात तेल भेटत नाही का?"

"भेटते न आई. पण तू सरकीचं वापरते. सरकी बीटी कपाशीची. अन् पाकिटावर कोणी लिहीत पण नाही."

हे म्हणताना पाहत होती माझ्याकडे. उभी नोकरी कपाशीचे वाण काढण्यात घालवलेल्या बापाकडे. आल्या आल्या भांडण नको म्हणून मी म्हणालो, आधी हातपाय धू.

६ डिसें., शनि.

संध्याकाळी तिघेही विहारात. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. परत येताना वाद पेटलाच. मी समजावलं: बीटी म्हणतात ते एक प्रथिन. सरकी गाळून, शुद्ध करून तेल निघतं तेव्हा त्यात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. तेल ते तेलच.

"असेल. तुम्ही बरोबरच असाल बाबा. पण मग लिहा न पाकिटावर. ज्याले खायचं तो खाईल."

मी: धोका नाही तिथे पाटी लावली की लोकांना धोकाच दिसतो.

ती: पाटी नाही लावली की लबाडी दिसते.

कु. आमच्या दोघांच्या मधे चालत होती. घरी आल्यावर म्हणाली, "माह्ये दोन्ही कान दुखून राहिले. बापलेकीनं उद्यापासून येगयेगळं फिराले जा."

पोरीत हट्ट माझा आलाय. नाक कुसुमचं, त्याबद्दल समाधान आहे.

९ डिसें., मंगळ.

डॉक्टरबाईंकडे. बाळाचं वजन हवं तेवढं भरत नाही. "पोटभर जेवा" म्हणाल्या. पण जेवणार कसं? स्वतःच आणलेल्या त्या फल्लीतेलाचा स्वतःलाच वास येतो. भाजी पुढे आली की नाक मुरडते, दोन घास खाऊन ताट सरकवते. दुसरं तेल चालणार नाही, हेही आहेच.

चांगला रागावणार होतो. तोंड उघडलंही. मग मागचं वर्ष आठवलं. पाचव्या महिन्यात गेलं ते बाळ. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, तुझी काही चूक नाही. तिने ऐकून घेतलं, मानलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पाकीट उलटं करून वाचते. बिस्किटाचं, मिठाचंसुद्धा. तोंड मिटलं.

१३ डिसें., शनि.

आज घरात सण! कु.ने भरडा वडे केले आणि प्र. जेवली. नुसती जेवली नाही, माझ्या ताटातले दोन उचलले. चार दिवस झाले, जेवणाला सूर लागत होताच, आज तर कमाल.

"आई, आजकाल तेलाचा वास नाही येत वं."

"तेल नीट तापू द्या लागते," कु. म्हणाली आणि पाठ फिरवून वडे थापत राहिली.

मी कु.च्या हाताची तोंडभरून स्तुती केली. इतकी वर्षं करायची राहिली होती, एकदम करून टाकली. लाजली नाही. मला वाटलं, वय झालं.

१६ डिसें., मंगळ.

नांदगाव खंडेश्वरला व्याख्यान. विषय तोच, खाण्याच्या पाकिटावर बीटी लिहावं का. हॉल भरलेला. माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं: ज्यात धोका नाही, ते न सांगण्यात लबाडी नाही. टाळ्या. शाल, नारळ, फोटो.

बसने परत आलो, तहान लागलेली, सरळ स्वयंपाकघरात. प्र. शेजारी गेली होती. कु. खाली बसलेली, समोर प्रज्ञाचा डबा, त्यात नरसाळं. नेहमीच्या आमच्या सरकीच्या डब्यातून तेल त्यात ओतणं चालू. मला पाहिलं, पण धार थांबवली नाही.

"थांबा, सांडन."

कधीपासून, विचारलं.

"लेकरू जेवाले लागलं तवापासून."

फल्लीतेल कुठे? वरच्या फळीवर, कळशीत. तिला सांगितलं का?

"काहून सांगू? तुमीच म्हणता न, धोका नाही त सांगाले कायले पाह्यजे? आजही थेच सांगून आले असान."

शाल अजून खांद्यावरच होती. काढून घडी करून ठेवली. पाणी प्यायचं राहिलं.

१८ डिसें., गुरु.

डॉक्टरबाई खूश. वजन वाढतंय. परत येताना प्र. रिक्षातूनच जावईबापूंना फोनवर सांगत होती, सगळा घाण्याच्या तेलाचा गुण. माझ्या हातात तिची फाइल. मी बाहेर बघत बसलो.

शास्त्राने पाहिलं तर बिघडलेलं काही नाही. एक थेंब अपाय नाही, यावर मी कुठेही सही करीन. सांगितलं तर ती जेवण टाकेल. नाही सांगितलं तर जेवेल, बाळ वाढेल, सगळे सुखात. नांदगावात हेच किती सोपं होतं. तिथे समोर बसलेल्यांत माझं कुणी नव्हतं.

कु.ला म्हटलं, सांगू या. ती म्हणाली, "बाळ होऊ द्या, मंग सांगा. मीच सांगीन. पाया पडते." पाया पडते म्हणाली की माझा नाइलाज होतो. झाला.

२० डिसें., शनि.

सांगितलं. नाही राहवलं.

दुपारी गच्चीवर उन्हात बसून ती तुरीचे सोले काढत होती. मी मदतीला बसलो आणि बोललो. आईने तेल बदललं, मला मंगळवारी कळलं, मी गप्प राहिलो. एवढंच. पुढे तेलाबद्दल बोलायला सुरुवात केली तर तिने हात वर केला.

"आईचं समजते मले. तिले मी जेवताना दिसले पाहिजे, बस. पण तुम्ही? समोर बसून पाहत होते न बाबा माझ्याकडे, खाताना?"

रडली नाही. सोल्यांची परडी उचलून खाली गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

२१ डिसें., रवि.

केळी, उकडलेली अंडी, दूध. बाकी कशाला हात नाही. दुधावरूनही माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हशी ढेप खातात आणि ढेप सरकीची, हे तिला माहीत आहे. मी खाली मान घालून पोळी खाल्ली.

कु. माझ्याशी बोलत नाही. भांडी बोलतात. दुपारी एकदाच: "खरं बोलाची लय खाज सुटली होती. आता त्या पोट्टीच्या पोटात काय घालू, तुमचं खरं?"

बायको बरोबर, लेक बरोबर. माझ्या बाजूला नांदगावची शाल.

२३ डिसें., मंगळ.

कु. प्र.च्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं. मी बैठकीत पेपर धरून. सगळं ऐकू आलं नाही. कु.चा आवाज: "मले भेव लागलं होतं बाई. मांगच्या वक्ताले बी तू अशीच जेवत नव्हती..." मग दोघींच्या रडण्याचा आवाज, एकदमच. माझाही पेपर काही दिसेना.

प्र. बाहेर आली ती डोळे पुसून, कंबरेवर हात ठेवून. वरची कळशी माझ्याकडून उतरवून घेतली. सगळं तेल ज्याचं त्याच्या डब्यात घातलं आणि मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं. एकावर 'फल्ली'. दुसऱ्यावर 'सरकी, बीटी'. म्हणाली, "आता डब्याले कोणी हात लावायचा नाही. स्वयंपाक मी करीन. काय खायचं ते मी ठरवीन."

कु. म्हणाली, उभी राहू नको जास्त. खुर्ची नेऊन दिली ओट्यापाशी. प्र.ने तिला बाहेर काढलं. मी खुर्ची धरून उभा होतो, मलाही हाकललं.

२६ डिसें., शुक्र.

सकाळी अमरावतीहून फोन. जानेवारीत व्याख्यान द्याल का, विषय तोच. कळवतो म्हणालो. काय कळवायचं ते ठरत नाही. ते ठेवणीतलं वाक्य आता तोंडातून निघेल असं वाटत नाही, आणि त्याच्या जागी टाकायला दुसरं अजून...

संध्याकाळी प्र.ने सांबारवड्या केल्या, कोथिंबिरीच्या. दार लोटून. आम्ही दोघं बाहेर, शाळेत निकालाला बसतात तसे. आतून तळण्याचा आवाज. तीन ताटं आली. तिच्याही ताटात भरपूर वड्या, हे आधी पाहिलं. जीव भांड्यात पडला. कोथिंबीर हिरवीगार, वरून खसखस, काय देखणी वडी!

उचलली. तोंडाशी नेली आणि हात थांबला. आयुष्यात कुठल्या ताटावर मी हे कधी विचारलेलं नाही.

"कोणत्या तेलातली गं?"

प्रज्ञाने स्वतःची वडी मोडून तोंडात टाकली. चावली, सावकाश.

"धोका नाही बाबा. खा."

कु.ला हसू आवरेना, ठसका लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. वडी माझ्या दुसऱ्या हातात तशीच.

"ते कळलं. पण सांग तर."

"काहून?" ती म्हणाली, आणि दुसरी वडी घेतली.