ओढणीचं टोक

मंगळवार, संध्याकाळ

नव्या चष्म्याला चरे नकोत, हे खरंच. पण परवा सुनेसमोर बायकोवर ओरडायची काय गरज होती? मी घरी आलो की ती माझा चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसायची, इतकी वर्षं. आणि मी काय म्हणालो? "आधी नळाखाली धर, साबणाचा थेंब लाव, मग कापड. कळत नाही का?" केवढा शहाणा!

आज घोडबंदर रोडची धूळ घेऊन दारात उभा राहिलो. तिचा हात ओढणीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. मग मीच काचांवर तोंडाची वाफ सोडली, चष्मा तिच्यापुढे धरला.

"नळाखाली धरा आधी," ती म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून किचनमध्ये गेली.