डागी आंबा

२ एप्रिल, बुधवार
गेले एकदाची त्या बैठकीला. घरात विसरभोळ्या झालेल्या माणसाचं करणाऱ्यांची बैठक, दर बुधवारी चार वाजता. शेजारच्या मुमताजभाभीने मला अक्षरशः रिक्षात कोंबलं. "मी हाय ना बसलेली आयेपाशी. माज्या सासऱ्याचं सात वर्सं केलंय, मला काय शिकवतेस?"
तिथे जो तो आपापलं सांगत होता. माझी पाळी आली तर म्हटलं, "आमचं बरं चाललंय." तेहेतीस वर्षं शाळेत पोरांचं खोटं पकडलं, आज स्वतः सफाईने बोलले. बैठक चालवणाऱ्या बाईंनी नुसता चहा पुढे केला.
घरी आले तर आई भाभीला विचारतेय, "ही कोन आली गो?"

५ एप्रिल
उशा, बटाटे, कांदे, माझा चष्म्याचा डबा. आईने आजही सगळं माजघरात ओळीने मांडलं. तासाभराने एकेक उलटं करून ठेवलं. बटाटा घ्यायला गेले तर हातावर चापट! वैतागले. तिला तिच्या खोलीत नेलं नि बाहेरून कडी घातली.
दारावर थापा. मग थापा बंद. ते जास्त वाईट.
कडी काढली तर दाराशीच बसलेली, हात मांडीवर उताणे. लाज वाटली. अजून वाटतेय.

९ एप्रिल, बुध.
बैठक. आज खरं बोलले, कडीचंही. वाटलं, आता सगळे तोंड फिरवतील. हातखंब्याहून एक काका येतात, बायकोचं करतात. म्हणाले, "मीपण घातलीय कडी. दोनदा." बस. एवढंच. किती हलकं वाटलं.
बाईंनी विचारलं, आई पूर्वी काय काम करायच्या? मी सांगायला लागले, "आंब्याची आढी..." आणि तिथेच थांबले. बटाटे नव्हतेच ते. गाढव मी.

१० एप्रिल
झोपेतसुद्धा पेंढ्याचा वास आला.
अप्पा गेले तोवर आमची आंब्याची कलमं घरच्याच हातात होती. आंबा उतरला की पडवीत पेंढा पसरून त्यावर पिकत घालायचा. ती आढी म्हणजे आईचं राज्य. तिथे अप्पांचंसुद्धा चालत नसे. रोज सकाळी एकेक आंबा उचलून पालटायची. दाबायची नाही कधी, नुसतं देठाशी नाक न्यायची. दादा आणि मी कडेला पोत्यावर लोळत तिच्या हाताकडे बघत राहायचो.
वाटणी ठरलेली. निवडीचा पेटीत, पेटी मुंबईला. त्यातलेच थोडे राखून पाव्हण्यांना. डाग पडलेला, चोचवलेला, आपटलेला तो घरच्यांना. बागायतदाराच्या घरात वाढलो आणि डागी आंबे खाऊन वाढलो. एकदा मी हटून बसले, मला एक तरी चांगला दे. आई म्हणाली, "तू काय पावनी हायस?"
रडले होते मी तेव्हा. काय दिवस होते. आंब्यासाठी रडायचे.

१३ एप्रिल, रवि.
आता आमची कलमं ज्याने खंडाने, वर्षाच्या ठरीव रकमेवर, घेतलीत त्या माणसाकडून चार डझन कच्चे मागून आणले. भाभीने पेंढा आणला. मी घाईघाईने ओतायला गेले.
"एकावर एक नको! पातळ लाव."
'ही कोन' सोडलं तर चार महिन्यांत आईचं पहिलं धड वाक्य. आणि तेही ओरडून. मी आणि भाभी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आईने स्वतः लावली सगळी, देठ खाली करून. तोपर्यंत मी आरामात चहा प्यायले. गरम.

२२ एप्रिल
घरभर वास. आईने आढी पालटली, एक उचलला, हुंगला, पदराला पुसून माझ्या हातात ठेवला. सोन्यासारखा, एक ठिपका नाही. "खा गो बाय. लांबसून आलीस."
पन्नास वर्षांपूर्वी मागितलेला आंबा. गोड होता. अर्धा खाऊन ठेवून दिला.
भाभी म्हणाली, "मलापन चांगलाच दिलान." तेच तर. भाभी आणि मी सारख्याच, दोघी पाव्हण्या.

२३ एप्रिल, बुध.
बैठकीला नाही गेले. दादाचा डोंबिवलीहून फोन. तिकडे अशा माणसांना ठेवून घेणारी एक जागा आहे, नाव घालू का? "ती तुला ओळखतसुद्धा नाही, मग कशासाठी झिजतेस?"
चिडले. म्हटलं, आढी संपू दे, मग कळवते.

३० एप्रिल, बुध.
गेले. दादाचं सांगितलं. कोणी पाठव म्हटलं नाही, पाठवू नको म्हटलं नाही. हातखंब्याचे काका म्हणाले, "ओळखीचं सोडा. आमची ही मला तिचा भाऊ समजते. भाऊ म्हणून का होईना, माझ्या हातचं जेवते." सगळे हसले. काकाही. मग डोळे पुसले त्यांनी.

४ मे, रवि.
आढीत सहासात उरलेत. आई पालटायला बसली, मी आणि भाभी कडेला. भाभीला एक छान पिवळाधमक दिला. मग हात पेंढ्यावरून फिरत राहिला. दोन चांगले बाजूला सारले, एक उचलला. गालावर हा एवढा काळा डाग. माझ्याकडे न बघता माझ्या मांडीत टाकला.
भीतीच वाटली बोलायची.
भाभी मात्र म्हणाली, "आये, तिलापन चांगला दे की."
"तिला कशाला?" आई म्हणाली आणि पेंढा सारखा करायला लागली.
अर्ध्या तासाने पुन्हा, "ही कोन गो?" म्हणजे मघाशी मला ओळखलं होतं की नव्हतं, कोण सांगणार? भाभी म्हणते होतं.
डाग न कापता खाल्ला. जरा आंबटच निघाला. कोय चोखत होते तेवढ्यात दादाचा फोन. हात कोपरापर्यंत बरबटलेले. वाजू दिला.