आज्जीच्या पत्रातली पाच मिनिटं

४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र मिळालं. एकतीस वर्षं पहिलीच्या पोरांना थोडक्यात सांग म्हणून दटावणारी बाई तूच ना?

तुझी नात मजेत आहे. लिफ्टच्या दुरुस्तीत दारं किती सेकंदांत मिटतात ते मोजायला हे जे स्टॉपवॉच वापरायचे, ते जुनं झालं आणि मुंगीच्या हाती पडलं. तेव्हापासून घरात कुणाची धडगत नाही. दूध तापायला सहा मिनिटं चाळीस सेकंद, ह्यांची आंघोळ चार मिनिटं, माझ्या मशीनवर एक बाही शिवायला अकरा. वहीत चित्र काढते आणि पुढे आकडा मांडते. काल मला म्हणाली, आई, तू दोन मिनिटांत आले म्हणतेस तेव्हा तुला सरासरी चौदा मिनिटं लागतात. सरासरी हा शब्द तिला ह्यांनी सांगितला, हिशेब तिचा तिने केला. आता बोल!

वाचनाचं विचारशील तर, अजून नाही. परवा पुन्हा विचारलं, शिकवू का म्हणून. नको म्हणाली आणि पळाली. मूल मागेल तेव्हाच शिकवायचं हा आमचा नेम तुला ठाऊक आहे. तुला दिलेला शब्दही मी विसरले नाही. वीस मेला तिला नऊ पूर्ण होतील, तोवर वाचू लागली नाही तर शाळेत नाव घालायचं. हे म्हणतात, घाई कशाला. पण आई, खरं सांगू? कापड बेतताना कधी कधी माझा हात थांबतो. पोरीचं वाटोळं तर करत नाही ना मी?

तुझी पत्रं तिला वाचून दाखवते. तिला फार आवडतात, बटणांच्या डब्यात जपून ठेवते.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सरासरीचं वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण हसून भागत नाही. आजही बाजारात मिशाळ बाप्ये आडवे येतात आणि सांगतात, बाई, तुम्ही मला वाचायला शिकवलंत. आणि माझी सख्खी नात नऊ वर्षांची होत आली तरी दुकानाची पाटी वाचत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मूल मागेल तेव्हा द्यायचं म्हणे! तू लहानपणी खडू खायला मागत होतीस. दिला का मी?

स्पष्टच लिहिते. असंच चाललं तर पोर ढ राहील. लोक तुला काही म्हणणार नाहीत, तिलाच म्हणतील. ते माझ्याच्याने ऐकवणार नाही.

दुसरं म्हणजे माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डाव्याने तर आधीपासूनच धड दिसत नाही. नऊ मेला ऑपरेशन. पट्टी असेल तोवर वाचन बंद. मग मी करायचं काय, भिंतीकडे तोंड करून बसायचं? भीती वाटते गं. कुणाला बोलले नाही, तुला सांगते.

जावयांना आशीर्वाद, मुंगीला गोड पापा. बोलले त्याचा राग धरू नये, धरलास तरी पत्र पाठवावं.

तुझी,
आई


२२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्याचं वाचलं. मी लगेच आले असते, पण बँडवाल्यांचे बावीस कोट अंगावर घेऊन बसलेय, मेअखेरीपर्यंत मान वर करायची सोय नाही. मुंगीला ऑपरेशनचं सांगितलं नाही, उगाच घाबरायची.

एक गंमत सांगते. तुझं पत्र वाचून दाखवत होते, तर बाईसाहेब घड्याळ लावून बसल्या होत्या. तीन मिनिटं भरली. मग तिने पानं मोजली. गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान वाचायला मला दोन मिनिटं लागतात हे वहीतून काढलं आणि बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिली. त्या दिवसापासून तो डबा घेऊन माझ्या कापायच्या टेबलाखाली जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, मोजतेय. ह्यांना अधूनमधून खाली बोलावणं येतं. हे आपले गुडघे धरत वाकतात आणि रांगत आत जातात. मला मात्र सक्त मज्जाव!

वाचनाचं नाव नाही. वीस मे जवळ येतोय. शाळेचा फॉर्म आणून कपाटात ठेवलाय, आणि कपाट उघडायला नको वाटतं.

तब्येतीला जप. लोभ आहेच, काळजी मात्र माझ्यावर सोड.

तुझी,
धाकटी


८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, माझं चार पानी पत्र तीन मिनिटांत संपलंच कसं? तू माझी बोलणी गाळतेस होय! चौथीत प्रगतिपुस्तक गादीखाली लपवलं होतंस, खोड काही गेली नाही. पोरीने चोर पकडला आणि चोराला पत्ताच नाही.

टेबलाखाली काय चाललंय याचा मला अंदाज आहे. अशा वेळी बाईंनी वर्गाबाहेर थांबावं, एवढं एकतीस वर्षांत शिकलेय. तूही डोकावू नकोस. पण जीव खालीवर होतोय माझा. त्या पानांत मी तिला ढ म्हटलंय गं. तिने ते वाचलं तर कुठल्या तोंडाने तिच्यासमोर उभी राहू?

पट्टी असताना पत्रं वाचून दाखवायला शेजारची नर्स येणार आहे. मुलगी गोड आहे, पण सदा घाईत असते.

तुम्हां तिघांना उदंड आयुष्य, आणि मला थोडी अक्कल मिळो.

तुझी,
आई


२ मे

ती. आज्जीस,
शि. सा. न. वि. वि.

हे मी लिहितेय. मी म्हणजे मुंगी.

आईने तुझं पत्र तीन मिनिटांत वाचलं. आठ लागायला पाहिजे होती. पाच मिनिटं कुठे गेली ते मला बघायचं होतं. तू दर वेळी अनेक आशीर्वाद लिहितेस ते मला पाठ होतं. मग त्यातली अक्षरं मी दुसरीकडे शोधली. आईने वाचलेलं पण बरंच पाठ होतं. जोडाक्षरं बाबांनी सांगितली. मग तीच अक्षरं गिरवून लिहायला शिकले. त्यांना मी शपथ घातली होती.

मी आईला शिकव म्हटलं नाही, कारण ती शिकवायला लागली की खूप आशेने बघते. मग मला काहीच येत नाही.

आता मी सगळी अकरा पत्रं वाचलीत. ढ पण वाचलं. मला राग आला आणि मी एक तास चौदा मिनिटं तुझ्याशी बोलले नाही, पण तू इथे नव्हतीस. मग मी पुढचं वाचलं. तुला भीती वाटते ते. ते पण आईने गाळलं होतं.

मी काल आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. ती कोट बाजूला ठेवून रडली आणि मग खूप हसली. फॉर्म अजून कपाटात आहे. शाळेचं माझं मी नंतर ठरवीन. आधी मी आणि बाबा दहा तारखेला तुझ्याकडे येतोय. पट्टी असेल तोवर मी तुला वाचून दाखवते. मला एका पानाला अकरा मिनिटं लागतात. तुला तरी कुठे जायचंय?

हे पत्र नर्स वाचत असेल तर तिला सांग, काही गाळायचं नाही. बाबांना वाचायला दोन मिनिटं लागली, आणि ते पटपट वाचतात. तिला त्याहून कमी लागली तर मी आल्यावर ते पुन्हा वाचीन.

तुझी,
मुंगी